अथातो घासजिज्ञासा

'निवड' या शब्दाचा अर्थ कोशात बघू नये, सुपात बघावा. तांदूळ निवडतात, मेथी निवडतात, हरभऱ्याची डाळ निवडतात. यांतल्या एकाही निवडीत चांगलं ते उचलून बाजूला ठेवत नाहीत. उचलायचा तो खडा, उचलायची ती अळी, उचलायचा तो पिवळा पडलेला पाला. मागे उरेल ते आपलं. निवडणूक हा शब्दही त्याच घरातला, पण तिथं कोण काय उचलतं आणि मागे काय उरतं हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय नाही.

विषय आहे आईबापांची रोजची निवड. मुलांनी काय खावं, आणि खाताना काय बघावं. या विषयावर रविवारच्या पुरवण्यांत जे लिहून येतं त्यात मुळातच एक घोटाळा असतो. पालक शांतपणे दुकानात जातात, पाकिटाची मागची बाजू वाचतात, विचार करतात आणि त्यातलं उत्तम ते घेतात, असं तिथं धरून चाललेलं असतं. नगरशेजारच्या भिंगारच्या सदर बाजारात संध्याकाळी साडेसातला एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात चार वर्षांची मुलगी धरून पाकिटाची मागची बाजू ज्यानं वाचून दाखवली त्याचा जाहीर सत्कार करायला प्रस्तुत लेखक तयार आहे. आपलं निवडणं हे सुपातलंच. याने खोकला होतो, त्याने दात किडतात, यात मारामारी आहे, त्यातलं पोरगं आईला उलट बोलतं, ते मागच्या खेपेला गादीवर सांडलं होतं. एवढं वेचून फेकल्यावर सुपात जे काही राहतं त्यालाच आपण पाहुण्यांपुढे 'आमच्याकडे आम्ही जाणीवपूर्वक' असं म्हणतो.

मुलंही हेच करतात, फक्त त्याला जाणीवपूर्वक म्हणत नाहीत. आमचे चिरंजीव, वय आठ, यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली की ते आधी शेंगदाणे खाऊन टाकतात. मग कढीपत्त्याचं एकेक पान, मिरचीचा एकेक तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या आणि शेवटी बोटाला लागेल तेवढी मोहरी असा बशीच्या काठावर ढीग घालतात. मोहरी वेचणाऱ्या माणसाला पुढे आयुष्यात काहीही अवघड जाऊ नये. निवडून होईपर्यंत पोहे गार होतात. गार झालेले पोहे कसे खायचे, असा प्रश्न मग रास्तपणे उपस्थित होतो. काठावरचा ढीग बापाच्या खात्यावर जमा. कढीपत्त्यात लोह असतं म्हणतात. तसं असेल तर लेखकाचा एव्हाना रणगाडा व्हायला हवा होता.

असल्या किरकोळ गोष्टीवर प्रबंध कशाला, असं विचारणारा माणूस भिंगारचा नसावा. किरकोळ गोष्टींकडे गांभीर्यानं बघण्याची या मातीला जुनी खोड आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी आमच्या शेजारच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी तिथं १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं आणि त्याचं नाव झालं. पण त्याच आवारात मौलाना आझाद पोस्टात टाकता न येणारी पत्रं लिहीत बसले होते. पुढे १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. त्यात चहा कसा प्यावा यावर पानंच्या पानं आहेत. पहाटे उठून, आपल्या हातानं केलेला, जाईच्या वासाचा चिनी पांढरा चहा. दूध घातलेल्या पेयाला चहा म्हणायलाच मौलाना तयार नव्हते. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबरोबरचं त्यांचं युद्धही त्यात आहे. आधी छत्रीनं लढले, मग बांबूनं लढले, आणि हरल्यावर तांदळाचे दाणे ठेवता ठेवता चिमण्यांना हातावर बसवून मोकळे झाले. घासाच्या शास्त्रात या पत्रांचं स्थान फार वरचं आहे, पण नगरच्या शाळांत मुलांना ती कोणी सांगत नाही.

त्याच्याही आधी, १७०७ साली, औरंगजेब इथं मेला. भिंगारमधल्या त्या जागेला अजून आलमगीर म्हणतात. निम्मं आयुष्य लढायांत घालवलेल्या या बादशहानं शहजाद्याला लिहिलेल्या पत्रांत एक पत्र खिचडीबद्दल आहे. हिवाळ्यात तुझ्याकडे खाल्लेल्या खिचडी-बिर्याणीची चव आठवते, तुझा तो सलीमान नावाचा आचारी मी मागितला होता, तू दिला नाहीस, असा त्याचा मतलब. सगळा हिंदुस्थान मुठीत धरू बघणाऱ्या बापाला पोटच्या पोरानं एक आचारी दिला नाही. ज्यांच्या घरात मुलगा 'कुरकुऱ्यातला एक तरी दे रे' या विनंतीला 'संपले' असं उत्तर देऊन पाकीट पाठीमागे लपवतो, त्यांना या पत्रावर वेगळं भाष्य लागणार नाही.

आणि तिसरा दाखला म्हणजे स्पाइक मिलिगन. इंग्रजीतला हा विख्यात वाह्यात विनोदी लेखक १६ एप्रिल १९१८ रोजी नगरला जन्मला, बाप गोऱ्या फौजेत होता म्हणून. मुलांसाठी त्यानं 'सिली व्हर्स फॉर किड्स' नावाचं निव्वळ अर्थहीन कवितांचं पुस्तक लिहिलं, १९५९ मध्ये. अर्थहीनता हा बालवाङ्मयाचा दोष नसून प्राण आहे, हे ज्यानं इंग्रजांना शिकवलं तो नगरच्या हवेत पहिलं रडला. क्षेत्रमाहात्म्य इथं पुरं.

आता पूर्वपक्ष. पूर्वपक्ष आमच्याकडे मातोश्री मांडतात, दिवसातून तीनदा, म्हणजे जेवणांच्या संख्येइतका. "आमच्या येळेला असलं काय नव्हतं. पोरं ताटात पडंल ते गुमान खायची. हे मोबाइल दावून खाऊ घालायचं खूळ तुमचंच."

शास्त्रात पूर्वपक्षाचा आदर करायचा असतो, म्हणून लेखकानं साक्षी तपासले. मोठ्या आत्याबाईंची साक्ष अशी: "ह्यो गुमान खायचा? ह्याला तर रस्त्यावर न्यावं लागायचं, लष्कराच्या गाड्या बघायला." तपशील पुढे आला तो असा. प्रस्तुत लेखक तीन वर्षांचा असताना आजी त्याला कडेवर घेऊन, हातात वरणभाताची वाटी घेऊन दारात उभी राहायची. छावणीकडे जाणारा एक ट्रक दिसला की एक घास. शक्तिमान हे तेव्हा लष्कराच्या ट्रकचं नाव होतं. दूरदर्शनवरचा गरगर फिरणारा १९९७ मध्ये आला. ताफा लांबलचक असला की वाटी संपायची. मोठ्या ट्रेलरवर चढवलेला रणगाडा गेला तर शिवाय पोळी. ज्या दिवशी फौजेला काही काम नसायचं त्या दिवशी लेखक उपाशी. भारतीय सेनेनं एका बालकाच्या पोषणासाठी केलेल्या या कामाची सरकारी दप्तरात कुठं नोंद नसावी.

म्हणजे पूर्वपक्ष पडला. जेवताना काहीतरी दाखवायचं हे खूळ आमचं नाही. चिऊचा घास, काऊचा घास हा काय प्रकार आहे? जिवंत पात्रांचा, बाहेर चित्रीकरण केलेला, रोजचा कार्यक्रम. चांदोमामा ही रात्रीची वेळ. पक्षी, प्राणी, ग्रह-तारे, सगळ्यांना आपण घासाच्या दावणीला बांधलेलं आहे. चिमणी ही मराठी मुलखातली पहिली डोरेमॉन.

तरीही मातोश्रींच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, आणि तो निवडून काढायला लेखकाला तीन महिने लागले. चिऊची गोष्ट सांगणारी आजी घासासाठी थांबायची. "मग चिऊ म्हणाली..." इथं गोष्ट अडायची, आणि तोंड उघडल्याशिवाय चिऊ पुढचं बोलायची नाही. वाटीत चार घास जास्त असले तर कावळ्याचं शेणाचं घर वाहून जायला चार घास जास्त लागायचे. कमी असले तर पाऊस लौकर थांबायचा. गोष्टीची लांबी वाटीवर ठरायची. मोबाइलवरचं चित्र मात्र कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे मुलाचं तोंड उघडं राहतं ते घासासाठी नाही, आश्चर्यानं. आणि आत गेलेला घास गालातच बसून राहतो. आमच्या कन्येनं, वय चार, एकदा दोडक्याच्या भाजीचा एक घास पूर्ण एक भाग संपेपर्यंत डाव्या गालात सांभाळला. भाग संपल्यावर मग "पाणी" म्हणाली. घास आत होता याचा तिला विसर पडला होता, पण घासाला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नियम काढले. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको. लेखकानं हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, मी आठ वर्षांचाय." कन्येनं विचारलं, "तास केवढा असतो?" दोन्ही आक्षेप कायदेशीर असल्यामुळे सभा तहकूब झाली.

कार्टूनांच्या वर्गवारीत शिरलो तर प्रबंधाचे दोन खंड होतील, म्हणून फक्त पात्रांच्या आहारापुरतं बोलतो, कारण खरी गोम तिथं आहे. छोटा भीम लाडू खातो आणि त्याला जोर येतो. मोटू समोशासाठी जीव टाकतो. शिनचॅनला शिमला मिरची बघवत नाही. जपानातल्या कासुकाबे नावाच्या गावातल्या या पोराच्या आवडीनिवडीपायी आमच्या घरातून शिमला मिरची हद्दपार झाली. मंडईत ढीग लागला असला तरी आम्ही नुसतं बघून पुढे जातो. सगळ्या कार्टूनविश्वात थोरांच्या बाजूनं उभा राहिलेला एकच वीर, तो १९२९ मध्ये जन्मलेला पॉपाय, पालक खाणारा. तो आता कुठं दिसत नाही. पालक या शब्दाचीही मराठीत काय दशा बघा. भाजी तीच, आईबाप तेच. शाळेतून 'उद्या पालकांना घेऊन यावे' अशी चिठ्ठी आली तेव्हा चिरंजीवांनी "शिजवून का कच्चा?" असं विचारलं. दोन्ही पालक मुलांना सारखेच आवडतात.

डोरेमॉनचं प्रकरण जरा खोल आहे. बांगलादेशात २०१३ मध्ये हिंदीत बोलणारा डोरेमॉन बंद केला, कारण पोरं घरात हिंदी बोलायला लागली होती. भिंगारमध्ये हे भय चालत नाही. छावणीमुळे इथं हिंदी पिढ्यान्‌पिढ्या दुकानांत, टपऱ्यांवर, सलूनमध्ये बोलली जाते. आमच्याकडे हिंदी दोन वाटांनी येते, एक फौजेच्या आणि दुसरी डोरेमॉनमधल्या नोबिताच्या. पोरांच्या तोंडी दोन्ही मिसळतात. "अरे यार, ये भाजी मुझे नहीं चाहिए" हे वाक्य नोबिताचं, पण म्हणताना ताठ उभं राहणं फौजेचं.

तर हा डोरेमॉन डोरायाकी खातो. चिरंजीवांनी डोरायाकीचा हट्ट धरला. आमच्या हिनं शोध घेतला तेव्हा कळलं की ती दोन गोल जाड धिरडी असतात, गोडसर, आणि मधे लाल चवळीसारख्या दाण्यांचं साखर घालून आटवलेलं सारण. हे ऐकताच मातोश्री गॅसजवळ सरकल्या. "म्हणजे पुरणच की." रविवारी सकाळी अंडी, कणीक, साखर फेटून धिरडी झाली, मधे हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलं. मातोश्रींनी एक तुकडा तोंडात टाकून निकाल दिला: "पुरण बरंय. पोळी बिघाडली." चिरंजीवांनी एक घास घेतला, खाली ठेवला आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की डोरेमॉनची चव वेगळी असते. ती त्यांनी कधी घेतली हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. उरलेल्या सात डोरायाक्या पुढले दोन दिवस चहाबरोबर कोणी संपवल्या हे सांगायला नको.

आता मुख्य सिद्धांत. याला लेखक चांदबीबीचा तोफ-न्याय म्हणतो. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद मोगली फौज घेऊन नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. ज्याच्या गादीसाठी एवढी लढाई तो बहादूर तान्हं पोर. त्याच्या वतीनं भिंतीवर उभी राहिली ती चांदबीबी, नात्यानं त्याची आत्याआजी. दंतकथा अशी की गोळे संपल्यावर तिनं तोफेत तांब्याची नाणी घातली, मग रुपये, मग सोन्याच्या मोहरा आणि शेवटी अंगावरचे दागिने. शेवटी तह झाला. वऱ्हाड देऊन टाकलं, किल्ला राखला.

आता हे आमच्या जेवणाच्या जागी बघा. पुढे दोडका. पहिला बार नुसत्या शब्दांचा: "खा रे राजा, शहाणा ना तू." हे तांबं. दुसरा: भाजी राहू दे, निदान तूप-साखरेची पोळी. तिसरा: हे संपव, मग पारले-जी. (विलेपार्ल्यात १९२९ मध्ये निघालेल्या कारखान्याचं हे बिस्किट तीन पिढ्यांच्या घेरावात कामी आलेलं आहे. बिस्किट चहात किती वेळ बुडवावं याचा हिशोब मांडल्याबद्दल लेन फिशर नावाच्या पदार्थविज्ञानाच्या माणसाला १९९९ चं इग नोबेल मिळालं. दुधात बुडवून तळाशी गेलेलं बिस्किट चार वर्षांच्या मुलीला परत हवं असतं, तेही आख्खं, यावर मात्र त्याच्याकडे उत्तर नाही.) चौथा: मॅगी. १९८३ पासून भारतात दोन मिनिटांत होते. आमच्या गॅसवर सात लागतात, त्यातली तीन मसाल्याची पुडी कोणी फोडायची यावर. आणि पाचवा बार, अंगावरचे दागिने: मोबाइल.

इथं तह होतो. मोबाइल देऊन जेवण राखलं. वऱ्हाड गेलं. आणि तह करून बाप वळतो तोच मागून आवाज येतो, "तुम्हीच लाडावून ठेवलंय." चांदबीबीचं तरी काय झालं? १६०० साली मोगलांशी बोलणी लावते या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारलं. तह करणाऱ्याला शत्रू मारत नाही, हे नगरच्या इतिहासात सिद्ध आहे. आमच्याकडे काम टोमण्यांवर भागतं, एवढी गेल्या चारशे वर्षांतली प्रगती.

यावर तोडगा म्हणून बिनपडद्याची करमणूक शोधायची ठरली. सुपात काय उरलं? चांदबीबी महाल सुचला. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावरची ही वास्तू खरं तर सलाबतखानाची कबर आहे, चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही, आणि आम्ही नगरकर पिढ्यान्‌पिढ्या तिथं बसून आनंदानं भेळ खातो. पण मागच्या खेपेला वाऱ्यानं भेळेचा कागद उडाला आणि कन्या अर्धा तास रडली, म्हणून तो खडा बाजूला. राहिलं रणगाडा संग्रहालय. फेब्रुवारी १९९४ मध्ये आर्मर्ड कोअरच्या केंद्रानं उघडलेलं, सोलापूर रस्त्याच्या अंगाला. व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन, सगळे झाडाझुडपांत रांगेनं उभे.

चिरंजीवांना नावं पाठ करायची होती. कन्या पॅटनपुढे उभी राहिली, वर बघितलं, चाकांच्या पट्ट्याकडे बघितलं, आणि विचारलं, "पप्पा, यात शू कुठं करतात?"

फलकावर तोफेचा व्यास असतो, वजन असतं, वेग असतो. हे नसतं. लेखक गप्प. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. चालण्यावरून फौजेतले वाटले. ते हसून म्हणाले, "बेटी, नीचे उतरके." कन्येला लगेच समजलं, नोबिताचे उपकार. तिनं पुढचा प्रश्न हिंदीतच टाकला, "और डब्बा?" ते म्हणाले, "डब्बा अंदर."

घरी आल्यावर दिवाणाखाली रणगाडा झाला. चादर खाली सोडली, पुढे उशी लावली, लाटणं तोफ म्हणून बाहेर काढलं. आणि डब्बा अंदर. चपाती आत गेली, दोडकासुद्धा आत गेला, रिकामा डबा बाहेर आला. मोबाइल वर चार्जिंगला पडून होता, कोणी विचारलं नाही. लेखक प्रबंधाचा उपसंहार मनात जुळवू लागला.

त्याच संध्याकाळी मातोश्री खाली बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. कन्या शेजारी मांडी घालून बसली. आजी खडा उचलायची आणि वाटीत टाकायची, ही वाकून बघायची. "आजी, हे काय?" "खडा." "हे?" "ह्यो पण खडा." बराच वेळ हा कार्यक्रम चालला. घासासारखाच थांबत थांबत. नंतर वाटी दिसेनाशी झाली. तोफेला गोळे लागतात हे त्या घरात फक्त एकाच्या लक्षात आलं होतं.

रात्री जेवायला बसलो. वरणभाताचा पहिला घास तोंडात घातला आणि दाताखाली असं कचकन वाजलं की कानापर्यंत गेलं. दिवाणाखालून आनंदाची आरोळी आली. मी गाल धरून बसलो. चिरंजीवांनी आपल्या ताटातली मोहरी वेचता वेचता माझ्याकडे बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "पप्पा, कडेला काढून ठेवा ना. एवढं काय त्यात."